जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी आणि उन्हाळ्याची लांब सुट्टी : कुणाला, किती आणि पगारी का?

शारदा_वाई (धागाकर्ती)

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला कसं जावं यावर इथे बरंच लिहून झालंय, पण सुट्टीची नेमकी माहिती एका जागी सापडत नाही. ज्यांचे आईवडील थकलेत किंवा ज्यांची मुलं इकडेच शिकतायत, त्यांना वर्षातून एकदा सलग महिना-दीड महिना घरी येता येणं पगाराइतकंच महत्त्वाचं असतं. जाहिरातीत "उन्हाळी सुट्टी मिळेल" एवढंच मोघम लिहिलेलं असतं. ती कोणत्या नोकरीत खरोखर मिळते, किती दिवसांची असते आणि त्या महिन्याचा पगार येतो का, हे जाणकारांनी सांगावं. उदाहरणासाठी असा उमेदवार धरा : एम.ए. इंग्रजी, बी.एड., शाळेतला सात वर्षांचा अनुभव, पण दहावीपर्यंत मराठी माध्यम.

टोकाई_लाइन

आधी एक घोळ निस्तरू. जपानी शाळांचं वर्ष एप्रिल ते मार्च. उन्हाळी सुट्टी साधारण २० जुलैच्या आसपास सुरू होते आणि ऑगस्टअखेर संपते. उत्तरेच्या होक्काइदो आणि तोहोकूकडे ती जेमतेम २५ दिवसांची असते, आणि उरलेले दिवस हिवाळी सुट्टीत धरतात. लांब उन्हाळा हवा असेल तर जिल्हा बघूनच अर्ज करा.

पण ही सुट्टी मुलांची आहे, शिक्षकांची नाही. सरकारी शाळेतला शिक्षक हा नोकरदार. ऑगस्टमध्येही तो शिक्षक-खोलीत येतो, क्लब घेतो, प्रशिक्षणाला जातो. त्याच्या शेजारी बसणारा एएलटी, म्हणजे सहाय्यक भाषा शिक्षक, याचं काय होतं ते त्याचा मालक कोण आहे यावर ठरतं. तीन प्रकार आहेत.

पहिला जेट कार्यक्रम, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत नेमणारी जपान सरकारची योजना. १९८७ पासून चालू आहे. करार एक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार वर्षाला ४० लाख २० हजार येन आहे, आणि ऑगस्टचाही पूर्ण येतो. त्या बदल्यात ऑगस्टमध्ये वर्ग नसतानाही कार्यालयात हजर राहावं लागतं. रिकाम्या शिक्षक-खोलीत सव्वाआठ ते चार बसायचं, सप्टेंबरचे पाठ तयार करायचे. घरी जायचं तर स्वतःची पगारी रजा खर्चायची. ती किमान १० दिवस आणि बऱ्याच ठिकाणी २० दिवस असते. वीस दिवस असतील आणि ११ ऑगस्टची पर्वत दिनाची सुट्टी, शनिवार-रविवार नीट जुळवले तर सलग चार आठवडे निघतात. मात्र मग वर्षभर आजारपणाला हाताशी काही उरत नाही. भारतातले अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत जातात. त्या वर्षी कोणत्या पदांसाठी अर्ज घेतायत ते दूतावासाच्या सूचनेत आधी वाचा.

दुसरा प्रकार, नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाने थेट नेमलेला. २०२० पासून या नेमणुका "काइकेइ नेन्दो" म्हणजे आर्थिक वर्षापुरत्या असतात. बोनस मिळतो. जाहिरात बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत नगरपालिकेच्या संकेतस्थळावर जपानीत येते, म्हणून बाहेरच्यांच्या नजरेतून सुटते. इथे सुट्टीचा नियम गावागणिक बदलतो. काही ठिकाणी ऑगस्ट पूर्ण मोकळा, काही ठिकाणी रोज हजेरी.

तिसरा प्रकार कंपनीमार्फत शाळेत पाठवलेला. लांब सुट्टी सर्वांत सहज इथेच मिळते, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच.

हिशेबनीस

तिसऱ्या प्रकाराचा गोंधळ आकड्यांत सांगतो.

जाहिरातीत महिना अडीच लाख येन. कराराच्या आतल्या पानावर लिहिलेलं असतं की ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चचा पगार "हिवारी", म्हणजे शाळा भरलेल्या दिवसांपुरता. समजा त्या तीन महिन्यांत सरासरी निम्मा आला. नऊ महिन्यांचे साडेबावीस लाख, तीन महिन्यांचे पावणेचार लाख. एकूण २६ लाख २५ हजार. शेजारची जाहिरात महिना दोन लाख तीस हजारांची, पण बाराही महिने सारखी. तिचे होतात २७ लाख ६० हजार. कमी दिसणारी नोकरी वर्षाला १ लाख ३५ हजारांनी जास्त देते. म्हणून महिन्याचा आकडा सोडा, वर्षाचा मागा.

दुसरी गोष्ट, कापलेल्या ऑगस्टमध्ये खर्च थांबत नाही. भाडं चालू. त्यात रहिवासी कर, "जूमिनझेइ". पहिल्या वर्षी तो नसतो. मागच्या वर्षीच्या कमाईवर तो पुढच्या जूनपासून लागतो, आणि पगारातून कापला जात नसेल तर जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारी असे चार हप्ते स्वतः भरायचे. म्हणजे दुसरा हप्ता नेमका अर्ध्या पगाराच्या महिन्यात. दुसऱ्या उन्हाळ्यात तिकिटाचे पैसे कमी पडतात ते यामुळे. मे महिन्यापर्यंत दीड महिन्याचा खर्च बाजूला असला पाहिजे.

तिसरी, पगारी रजा. कायद्याने ती सहा महिने काम झाल्यावर मिळते, सुरुवातीला १० दिवस. एप्रिलमध्ये रुजू झालात तर रजा ऑक्टोबरात जमा होते, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात हातात शून्य. शिवाय पाच दिवस सोडून बाकीची रजा कंपनी कामगार-प्रतिनिधीशी करार करून स्वतः ठरवलेल्या तारखांना लावू शकते. बऱ्याच संभाषण-वर्गांत ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आठवड्याला अशीच रजा लावतात.

शारदा_वाई

@हिशेबनीस, जून-ऑगस्टच्या कराची गोष्ट कुठेच वाचली नव्हती, आभार. इंग्रजी संभाषण-वर्गांत, एइकाइवात, मग ओबोनपुरतीच सुट्टी का?

हिशेबनीस

हो. ओबोनचा आठवडा ऑगस्टच्या मध्याला, मे महिन्याच्या सुरुवातीला गोल्डन वीक, आणि नववर्ष. प्रत्येकी पाच ते नऊ दिवस. एइकाइवात ग्राहक सुट्टीतच जास्त येतात, जुलै-ऑगस्टमध्ये मुलांचे खास वर्ग असतात, म्हणून तेव्हा रजा मिळणं उलट अवघड. लांब सुट्टी हा निकष असेल तर एइकाइवा बाजूला ठेवा.

कोमा_८

लांब आणि पगारी, दोन्ही हवं असेल तर विद्यापीठ. इथे तपशिलात लिहिते, कारण अर्धवट माहितीवर खूप जण येतात.

पहिलं सत्र एप्रिल ते जुलैअखेर, दुसरं सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर. एका सत्रात साधारण १५ तासिका, प्रत्येक ९० मिनिटांची, तिला "कोमा" म्हणतात. काही विद्यापीठांनी १०० मिनिटांच्या १४ केल्यात. पंधरा भरलेच पाहिजेत म्हणून राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशीही वर्ग होतात. जुलैतल्या सागर दिनाला सुट्टी धरून कुणी तिकीट काढू नये. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा, मग गुण भरण्याची मुदत. ती मुदत गेली की सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, कुठे वीस-बावीस तारखेपर्यंत मोकळीक. फेब्रुवारी-मार्च पुन्हा मोकळे. गुण भरण्याचं पोर्टल काही ठिकाणी बाहेरदेशातून उघडत नाही, तेव्हा ते काम जपानमध्ये असतानाच उरका.

आता यातले दोन वर्ग. "हिजोकिन" म्हणजे तासिका तत्त्वावरचे. खासगी विद्यापीठात मानधन एका कोमाचं महिन्याला साधारण २५ ते ३५ हजार येन. बहुतेक खासगी ठिकाणी ते बाराही महिने मिळतं, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचेही पैसे येतात. आठवड्याला आठ कोमा, प्रत्येकी २८ हजार धरले तर महिना २ लाख २४ हजार, वर्षाचे २६ लाख ८८ हजार. राष्ट्रीय विद्यापीठांत मात्र तासाच्या दराने, शिकवलेल्या तासांचेच पैसे. तिथे ऑगस्टमध्ये काहीच येत नाही. हा फरक नेमणूकपत्रात एका ओळीत असतो, ती ओळ शोधा. प्रवासखर्च वेगळा मिळतो, विमा आणि निवृत्तिवेतन नाही. ते स्वतः भरायचं. राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचा हप्ता २०२५-२६ मध्ये महिना १७,५१० येन आहे, आरोग्यविमा मागच्या कमाईवर. या दोन्ही गोष्टी धरल्यावर २६ लाख तेवढे मोठे राहत नाहीत.

दुसरा वर्ग पूर्णवेळ करारी. तीन ते पाच वर्षांची मुदत, बोनस, विमा, संशोधनाचा निधी. पण सुट्टी हिजोकिनपेक्षा कमी. ऑगस्टमध्ये एखादा शनिवार-रविवार ओपन कॅम्पसला (भावी विद्यार्थ्यांना विद्यापीठ दाखवतात तो दिवस) हजर राहायचं, फेब्रुवारीत प्रवेशपरीक्षेला पर्यवेक्षण, जानेवारीत पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम भरून द्यायचा. तरीही ऑगस्टच्या मध्यापासून सलग चार-पाच आठवडे मिळतातच.

पात्रता : एम.ए. हवंच, आणि शक्यतो इंग्रजी अध्यापनशास्त्र किंवा उपयोजित भाषाशास्त्रातलं. इंग्रजी साहित्यातलं एम.ए. चालतं, पण मग प्रकाशित लेखांनी ती उणीव भरून काढावी लागते. पूर्णवेळ जागेच्या जाहिरातीत तीन लेख मागणं नेहमीचं आहे. जागा जेआरईसी-आयएन या सरकारी पोर्टलवर येतात. एप्रिलच्या जागांच्या मुदती जुलै ते ऑक्टोबरमध्ये संपतात. डिसेंबरमध्ये शोधायला लागलेल्याच्या वाट्याला उरलेसुरले कोमा येतात.

आणि स्पष्टच सांगते. भारतात बसून हिजोकिन मिळवून थेट येणं जवळपास होत नाही. चार कोमांच्या कमाईवर निवास-परवाना देत नाहीत. लोक आधी दुसऱ्या नोकरीवर येतात, दोन-तीन वर्षांत लेख आणि ओळखी तयार करतात, मग इकडे वळतात. जाल्ट या भाषाशिक्षकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखांच्या बैठका यासाठी उपयोगी. हिजोकिनच्या जागा बऱ्याचदा सहकाऱ्याच्या शिफारशीवरच भरतात.

सह्याद्री_ते_फुजी

धाग्यात दिलेल्या उमेदवाराचा खरा प्रश्न सुट्टीच्याही आधी येतो, तो बारा वर्षांचा.

शाळेत शिकवण्यासाठीचा निवास-दर्जा, म्हणजे व्हिसाचा प्रकार, "क्योइकु". शिक्षक या पदाशिवाय शाळेत परकी भाषा शिकवणाऱ्यासाठी, म्हणजेच एएलटीसाठी, नियम असा की पदवी तर हवीच, शिवाय त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षांचं शिक्षण झालेलं हवं. इंग्रजी हा *विषय* घेतला हे पुरत नाही, इंग्रजी हे *माध्यम* हवं. मराठी माध्यमाचा विद्यार्थी अकरावीपासून इंग्रजीत शिकला असं धरलं तर अकरावी-बारावी दोन, बी.ए. तीन, एम.ए. दोन, बी.एड. दोन. झाली नऊ. तीन कमी. सेमी-इंग्रजीत फक्त गणित-विज्ञान इंग्रजीत असतं, त्याच्या भरवशावर राहू नये. इंग्रजी माध्यमवाल्यांनीही प्रत्येक शाळा-महाविद्यालयाकडून माध्यमाचं प्रमाणपत्र लेटरहेडवर, शिक्का-सही-तारखेसह आजच घ्यावं. दाखल्यावर माध्यम लिहिलेलं नसतं, आणि शाळा बंद पडली की ते कागद मिळवणं फार जड जातं.

यातून वाट आहे, तीन ठिकाणी.

एक, परदेशी कुटुंबांच्या मुलांसाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शाळा. त्यांना पदवी किंवा शिक्षक-परवाना ही अट आहे, बारा वर्षांची नाही. दोन, विद्यापीठ. तिथला दर्जा "क्योजु" आणि त्याला ही माध्यमाची अट लागू नाही. तीन, खासगी शाळेत *शिक्षक* म्हणून नेमणूक. त्यासाठी शाळेने प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे शिफारस करून विशेष परवाना, "तोकुबेत्सु मेनक्योजो", काढून द्यावा लागतो. बी.एड. आणि सात वर्षांचा अनुभव इथे कामाला येतो. शाळा हे करायला तयार आहे का हे पहिल्याच मुलाखतीत विचारावं. परवाना असेल तर वर्ग एकट्याने घेता येतो, गुण देता येतात. या शाळांत परदेशी शिक्षकांना उन्हाळ्यात बऱ्याच वेळा मोकळं सोडतात, पण जुलैअखेरचे जादा वर्ग आणि इंग्रजी शिबिर करारात आहे का ते पाहा.

एइकाइवाचा दर्जा तिसराच आहे, "गिजिन्कोकु". क्योइकुवाल्याला सुट्टीत एइकाइवाच्या शिबिरात शिकवून चार पैसे मिळवायचे असतील तर आधी इमिग्रेशनकडून दर्जाबाहेरच्या कामाची परवानगी घ्यायची. तिला फी नाही. न घेता काम केलं तर पुढच्या नूतनीकरणात ते कराच्या कागदावरून उघड होतं.

नीलपरी_ठाणे

आंतरराष्ट्रीय शाळांबद्दल थोडी भर. पाश्चात्त्य अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष ऑगस्टअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे उन्हाळा आठ ते दहा आठवडे, आणि वार्षिक करार असल्याने तो पगारी. संपूर्ण धाग्यात सर्वांत चांगली सुट्टी हीच. भरती आधीच्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. स्पर्धा मोठी आहे, आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिजचा अनुभव असेल तर फरक पडतो. मुंबई-पुण्यात आयबीच्या शाळा बऱ्याच आहेत. तिथे दोन वर्षं शिकवून मग अर्ज करणं हा शहाणपणाचा मार्ग.

टोकियोत भारतीय शाळाही आहेत. इंडिया इंटरनॅशनल स्कूल २००४ मध्ये सुरू झाली, ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल २००६ मध्ये. सीबीएसई चालतं, त्यामुळे आपल्या बी.एड.ची किंमत तिथे समजावून सांगावी लागत नाही. वर्ष एप्रिल-मार्च, सुट्टी जपानी उन्हाळ्यात. अर्ज करण्याआधी शाळेचं वार्षिक कॅलेंडर मागून बघा, आणि शिक्षकांच्या परतीची तारीख मुलांच्या तारखेपेक्षा किती आधीची आहे हे विचारा. ती वेगळी असते. निशिकासाईला भारतीय वस्ती असल्याने घर मिळणंही तुलनेने सोपं.

मोदक_२१

गणपतीला येता येईल का, हा माझा एकच प्रश्न.

कोमा_८

विद्यापीठात असाल तर बहुतेक वर्षी येईल. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तेव्हा जपानी शाळा सुरू होऊन दोन आठवडे झालेले असतात, त्यामुळे शाळेतल्या कुणालाही शक्य नाही. विद्यापीठाची सुट्टी अजून चालू असते. मात्र अनंत चतुर्दशी २५ तारखेला आहे, तोवर दुसरं सत्र कुठेकुठे सुरू झालेलं असेल. २०२५ सारखं ऑगस्टअखेर आले गणपती तर शाळावाल्यांनाही निदान स्थापनेला येता येतं, परतीचं विमान ३१ च्या आत.

तिकिटाबद्दल : ओबोनच्या आधीचा शनिवार सर्वांत महाग. १६-१७ ऑगस्टनंतर भारताकडे जाणारं तिकीट उतरतं, कारण गर्दी तेव्हा उलट दिशेने असते.

सह्याद्री_ते_फुजी

कागदपत्रांतली खास आपल्याकडची अडचण : नाव. विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं, लग्नानंतर तिसरंच. जपानी अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत किंवा राजपत्रातली नोंद, आणि "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र, पात्रता प्रमाणपत्राच्या (व्हिसाआधी जपानी इमिग्रेशनकडून घ्यायचा कागद) अर्जासोबतच लावा. नंतर मागवलं की महिना जातो. हे प्रमाणपत्र मिळायला एक ते तीन महिने लागतात, मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये पोहोचायचं असतं. महाराष्ट्र आणि गोव्याचा व्हिसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत.

तीच अडचण बँकेत. खातं काताकाना लिपीत पासपोर्टवरच्या पूर्ण क्रमाने उघडतात, त्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं. शाळेला दिलेल्या काताकानात एक अक्षर जरी वेगळं असलं, "देशपांडे"तला दीर्घ स्वर राहिला, तरी पगार परत जातो. पासबुकाचं पहिलं पान तसंच्या तसं उतरवून द्या.

सुट्टीत देश सोडताना विमानतळावरच्या कार्डावर "परत येणार" या चौकोनात खूण करायची. ती राहिली तर निवास-परवाना तिथेच संपतो.

शारदा_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्र स्पष्ट झालं : दिलेल्या उमेदवाराने एएलटीच्या मागे न लागता आधी भारतीय शाळा किंवा विशेष परवाना देणारी खासगी शाळा पाहावी, आणि तिथून विद्यापीठासाठी लेखांची तयारी करावी. मुलाखतीत विचारायचे प्रश्न असे काढलेत. उन्हाळ्यात किती दिवस सुट्टी? वर्षाचा एकूण पगार किती? करार केव्हा संपतो? पगारी रजा केव्हापासून? काही राहिलंय का?

हिशेबनीस

पहिला प्रश्न तसा विचारू नका. "सुट्टी किती" म्हटलं की मुलांच्या सुट्टीचे दिवस सांगतात, आणि ते खोटंही नसतं. त्याऐवजी विचारा, "ऑगस्टमध्ये माझ्या हजेरीचे दिवस कोणते?" लगेच त्याच्या पाठोपाठ जपानीत : "हाचिगात्सु-बुन नो क्यूयो वा मानगाकु शिक्यू देस् का?" ऑगस्टचा पगार पूर्ण मिळतो का. उत्तरात "मानगाकु" हा शब्द आला तर पूर्ण, "हिवारी" आला तर दिवसांवर. जे उत्तर येईल ते ईमेलने लिहून मागा.

करार ३१ मार्चला संपून नवा एप्रिलच्या ७-८ तारखेला सुरू होतो का, हेही तिसऱ्या प्रश्नात जोडा. मधल्या आठवड्याचा पगार नसतो, आणि ज्यांचा सामाजिक विमा कंपनीकडे आहे त्यांचा तो त्या आठवड्यात चालू राहतो की तुटतो, हे आधी लेखी कळलेलं बरं.